उष्णतेची सांध्यावरील अडवणूक

पावसाळा सरून कार्तिक-मार्गशीर्ष लागला म्हणजे राधानगरीच्या धरणाखालीं भोगावतीच्या कांठानें गुऱ्हाळांचा धूर दिसूं लागतो, आणि उकळत्या रसाचा वास वाऱ्याबरोबर पांदीपर्यंत येतो, हें करवीर प्रांतीं जन्मलेल्या वाचकास वर्णन करून सांगण्याची गरज नाहीं. छत्रपति शाहू महाराजांनीं १८९५ सालीं कोल्हापुरास शाहुपुरीची पेठ वसविली, ती मुख्यत्वें गुळाच्या व्यापाराकरितां. आणि पुढें भोगावती अडवून राधानगरीचा तलाव बांधण्याचें जें मोठें काम त्यांनीं हातीं घेतलें, त्याच्या पाण्यावर ह्या खोऱ्यांतला ऊस वाढला. धरण महाराजांच्या हयातींत पुरें झालें नाहीं. १९२२ सालीं ते वारले तेव्हां तें अर्धवटच होतें. पाणी, ऊस आणि पेठ ह्या तिहींविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु ह्या तिहींच्या मध्यें एक चौथी गोष्ट उभी आहे, आणि ती म्हणजे चुलवाणांतून काहिलींत शिरणारी उष्णता. ही उष्णता वाटेंत कोठें अडते, आणि ती कोठें अडते हें ओळखावयास शास्त्रज्ञांस इतका काळ कां लागला, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

काहील लोखंडाची. चुलवाणांत चिपाडाचा जाळ सारखा धडधडत असतो आणि वर रस उकळत असतो. ह्या दोहोंमध्यें लोखंडाचा पत्रा आहे, तेव्हां उष्णतेला खरी अडचण ह्या पत्र्याचीच होत असली पाहिजे, असें कोणासहि प्रथमदर्शनीं वाटतें. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. लोखंड हें उष्णतेला उघडें असलेलें दार आहे. जकातीचीं नाकीं आहेत तीं दाराच्या अलीकडे आणि पलीकडे. बुडाला बाहेरून तप्त वायूचा एक मंद थर चिकटून असतो. त्याच्या आंत काजळीचें पूट बसलेलें असतें. आणि काहिलीच्या आंतल्या अंगास मळी अगर करपलेला रस धरला असेल तर त्याचें आणखी एक पूट असतें. उष्णतेचा बराचसा जोर हीं नाकीं ओलांडण्यांत खर्ची पडतो, आणि लोखंडांतून जातांना तिला फारसें कांहींच द्यावें लागत नाहीं. म्हणून काहील थोडी जाड घेतली किंवा पातळ घेतली, तरी तेवढ्यानें सरपण वाचतें असें नव्हे. बुडावरील काजळी मात्र वाढूं दिली तर सरपण जास्त लागतें.

हीच गोष्ट आंकड्यांनीं पाहूं. उष्णता वाहून नेण्याच्या कामीं बिडाचें लोखंड स्थिर हवेच्या सुमारें दोन हजार पट समर्थ आहे, आणि तांबें तर सुमारें पंधरा हजार पट. ह्याचा हिशेब उलटा मांडला म्हणजे मौज दिसते. एका मिलिमीटरचा केवळ शंभरावा हिस्सा जाड अशी हवेची फट उष्णतेला जेवढी अडविते, तेवढी अडवणूक करण्यास बिडाची जवळजवळ दोन सेंटिमीटर जाड लादी लागेल. आणि तांब्याची घेऊं म्हटलें तर सुमारें पंधरा सेंटिमीटर! डोळ्यांना न दिसणारी फट एकीकडे आणि वीतभर तांबें दुसरीकडे, आणि पारडें समतोल. स्वयंपाकघरांतली चिंधीची गोष्ट ह्याच जातीची आहे. कोरड्या कापडाची घडी हातांत धरून उकळतें पातेलें खुशाल उतरवितां येतें, आणि तेंच कापड ओलें असलें तर क्षणांत चटका बसतो. कापड तेंच, त्याच्या धाग्यांमधील हवेची जागा पाण्यानें घेतली, आणि पाणी हवेपेक्षां वीस-बावीस पट अधिक उष्णता नेतें.

आतां, जेथें एका बाजूस वायु किंवा द्रव आहे तेथें असा थर असणार, हें मनाला पटतें. पण दोन घन पदार्थ एकमेकांस चांगले टेकले असतां त्यांच्यामध्यें फट कशी राहील? ह्या प्रश्नाचें उत्तर फणस देतो. दोन फणस एकमेकांवर दाबून धरले, तर दुरून ते भिडलेले दिसतात. जवळून पाहिलें तर काट्याला काटा कोठें कोठें टेकला आहे, आणि बाकी सर्वत्र पोकळी आहे. कातकामावर गुळगुळीत केलेली धातूचीं दोन पृष्ठें सूक्ष्मदर्शकाखालीं अशींच दिसतात. बेताच्या दाबाखालीं त्यांचा खरा स्पर्श दिसणाऱ्या क्षेत्राच्या शेंकडा एक भाग देखील भरत नाहीं. उष्णतेला त्या तुरळक टोंकांकडे चोहोंकडून गोळा व्हावें लागतें, तेथून आकसून पलीकडे जावें लागतें, आणि पुन्हां पसरावें लागतें. राधानगरीचा तलाव कितीहि विस्तीर्ण असला तरी तुडुंब भरल्यावर त्याचें पाणी सात स्वयंचलित दरवाजांकडेच ओढ घेतें, तसाच हा प्रकार. टोंकांच्या मधली पोकळी हवेनें भरलेली असते, आणि हवेची योग्यता वर सांगितलीच आहे. ह्या सर्व अडवणुकीस आपण सोयीसाठीं सांधेरोध म्हणूं. तो असला म्हणजे सांध्याच्या अलीकडील पृष्ठाचें तपमान व पलीकडील पृष्ठाचें तपमान ह्यांत एकदम पायरी पडते.

ही पायरी शास्त्राच्या नजरेस कशी आली, तो इतिहास सरळ रेषेंत चाललेला नाहीं. १७०१ सालीं न्यूटननें आपल्या नांवावांचून एक छोटा लेख प्रसिद्ध केला. त्यांत त्यानें लोखंडाचा तप्त ठोकळा वाऱ्यांत ठेवून तो कसा निवतो ह्याचा नियम मांडला. तपशील आज अपुरा ठरला असला तरी पदार्थाच्या पृष्ठभागावर उष्णतेचा कांहीं स्वतंत्र व्यवहार चालतो ही कल्पना त्यांत आहे. पुढें शंभर वर्षांनीं फूरिए आला. नेपोलियनबरोबर मिसरांत जाऊन आलेला हा गणिती १८०२ सालीं, म्हणजे आमच्याकडे वसईचा तह झाला त्या वर्षीं, ग्रेनोबल येथें प्रांताधिकारी झाला, आणि दलदली सुकविण्याच्या व रस्ते बांधण्याच्या सरकारी कामांतून सवड काढून त्यानें उष्णतेच्या वहनाचें गणित रचलें. १८०७ सालीं सादर केलेल्या त्याच्या निबंधावर पॅरिसच्या पंडितांनीं शंका काढल्या. ग्रंथ अखेर १८२२ सालीं बाहेर पडला. पदार्थाच्या आंत उष्णता कशी वाहते हें त्या ग्रंथानें असें कांहीं निकालांत काढलें कीं दोनशें वर्षांनंतरहि विद्यार्थी तेंच समीकरण सोडवीत बसतात.

परंतु समीकरणांत घालावयाचे आंकडे प्रयोगानें मिळवावे लागतात, आणि गडबड तेथें झाली. फ्रान्समधल्याच क्लेमाँ नांवाच्या रसायनज्ञानें तांब्याची वहनशक्ति मोजावयास घेतली. त्यानें तांब्याच्या पत्र्याच्या एका अंगास वाफ सोडली, दुसऱ्या अंगास थंड पाणी ठेविलें, आणि किती उष्णता पलीकडे गेली तें मोजलें. वाफेचें तपमान तेंच पत्र्याच्या ह्या अंगाचें, आणि पाण्याचें तपमान तेंच त्या अंगाचें, असें त्यानें धरून चाललें. हिशेबांत तांबें अतिशय मंद वाहक ठरलें. खऱ्या मूल्याच्या कितीतरी पट कमी आंकडा आला. पत्र्याला चिकटलेल्या पाण्याच्या थराचा दोष बिचाऱ्या तांब्याच्या माथीं बसला. वड्याचें तेल वांग्यावर म्हणतात तें हेंच.

हा घोटाळा उकलला तो पेक्ले ह्यानें, आणि आमच्या मतें ह्या सगळ्या इतिहासांत त्याच्या वांट्यास योग्य तो मान आलेला नाहीं. पेक्ले हा कारखानदारीच्या विद्येचा शिक्षक. पॅरिस येथें १८२९ सालीं निघालेल्या मध्यवर्ती कलाविद्यालयाच्या संस्थापकांत तो होता, आणि भट्ट्या, धुरांडीं, बाष्पपात्रें ह्यांच्यावर त्याचा जाडजूड ग्रंथ आहे. ज्याला रोज भट्टीपाशीं उभें राहावयाचें, त्याला पृष्ठभागाचा विसर पडत नाहीं. त्यानें पत्र्यालगतचें पाणी जोरानें हलवीत ठेविलें, आणि त्याबरोबर पलीकडे जाणारी उष्णता एकदम वाढली. पत्रा बदलला नव्हता, तपमानें बदललीं नव्हतीं. चिकटून बसलेला थर तेवढा हलला होता. त्याच काळांत देस्प्रे ह्यानें धातूच्या लांब दांड्या एका टोंकास तापवून ठिकठिकाणचें तपमान मोजलें. त्यानें दांडीत लहान भोंकें पाडून त्यांत पारा भरला आणि उष्णतामापकाची गांठ त्या पाऱ्यांत बुडविली. पारा कशासाठीं? कांच आणि धातु ह्यांच्यामध्यें हवा राहूं नये म्हणून. म्हणजे सांधा उष्णतेला अडवितो हें त्याला ठाऊक होतें. पण ठाऊक असलेली ती गोष्ट त्याच्या लेखीं प्रयोगांतली एक कटकट होती, बुजवून टाकावयाची. तिलाच प्रयोगाचा विषय करावें असें वाटावयास पुढें पुष्कळ वर्षें जावीं लागलीं.

आम्हांस ह्या ठिकाणीं थोडें थांबावेंसें वाटतें. शास्त्राच्या इतिहासांत असे प्रसंग वारंवार येतात, कीं ज्या गोष्टीला टाळण्याची युक्ति सर्वांस साधलेली असते, तिचा विचार कोणी करीत नाहीं. युक्ति जितकी सोपी, तितका विचार लांबणीवर.

सांध्याच्या खऱ्या स्वरूपाचा शोध लागला तो उष्णतेच्या वाटेनें नव्हेच. तो घर्षणाच्या आणि विजेच्या वाटेनें लागला. केंब्रिज येथें बाउडन व टेबर ह्या दोघांनीं १९३९ सालीं धातूंच्या टेकलेल्या पृष्ठांमधून वीज सोडून, तिला किती अडथळा होतो ह्यावरून खऱ्या स्पर्शाचें क्षेत्र काढलें. तें क्षेत्र आश्चर्य वाटावें इतकें थोडें निघालें. शिवाय पृष्ठ लहान असो कीं मोठें असो, खरा स्पर्श त्यावर अवलंबून नसून किती भार घातला आहे आणि धातु किती कठीण आहे ह्यांवर तो ठरतो, असें दिसून आलें. भार दुप्पट केला कीं टोंकें चेपून खरा स्पर्शहि जवळजवळ दुप्पट होतो. लोहाराचा पोरगा बोल्ट आवळतांना जोर कां लावतो, त्याची मीमांसा अशी केंब्रिजहून आली.

दोनच वर्षांनीं, १९४१ सालीं, मॉस्को येथें कापित्सा ह्यानें आणखी चमत्कारिक गोष्ट पाहिली. शून्याखालीं सुमारें दोनशें एकाहत्तर अंश इतक्या थंडींत द्रव हेलियम धातूच्या अंगास पूर्ण भिजवून असतां, फट नाहीं, हवा नाहीं, तरी तपमानाची पायरी कायम! ह्याचें कारण पुढें उलगडलें. पदार्थांतली उष्णता म्हणजे त्याच्या अणूंचें कंपन. विहिरीच्या जाड सोलाला बारीक दोरी बांधून एक हिसका दिला, तर हिसक्याची लाट गांठीपाशीं येऊन कांहींशी परत फिरते; दोन भिन्न पदार्थांच्या सीमेवर कंपनाच्या लाटा तशाच कांहीं परततात. तेव्हां स्पर्श कितीहि निर्दोष केला तरी दोन निराळ्या पदार्थांमध्यें अल्पसा रोध उरतोच. रोजच्या व्यवहारांत हा अवशेष इतका सूक्ष्म असतो कीं तो खिजगणतींत नाहीं. पण संगणकाच्या नखाएवढ्या चकतींत अतिसूक्ष्म थरांवर थर चढूं लागल्यापासून त्यालाहि महत्त्व आलें आहे.

१९५७ सालीं पहिला उपग्रह आकाशांत गेला, आणि सांधेरोधाचें शास्त्र प्रयोगशाळेच्या कोपऱ्यांतून चव्हाट्यावर आलें. पृथ्वीवर फटींतली हवा, वाईट का होईना, कांहीं उष्णता पलीकडे नेते. अवकाशांत ती हवाहि नाहीं. जमिनीवर चांगला चाललेला सांधा तेथें तापतो, आणि तापलेलें यंत्र दुरुस्त करावयास कोणी जाऊं शकत नाहीं. तेव्हां कूपर, मिकिच व योव्हानोविच ह्यांनीं १९६९ सालीं पृष्ठाचा खडबडीतपणा, त्यावरील उंचवट्यांचा उतार, दाब आणि कठीणपणा ह्या चार गोष्टींवरून सांध्याचा अंदाज आगाऊ बांधण्याचें सूत्र दिलें. देस्प्रेच्या पाऱ्यापासून येथवर यावयास जवळजवळ दीडशें वर्षें लागलीं.

आतां पुन्हां आपल्या मुलखाकडे वळूं, कारण हें सूत्र केवळ आकाशांतील यंत्रांसाठीं नाहीं. राधानगरीच्या पाण्यावर ऊस झाला, तो भिजवावयास नदीवर तेलाचीं इंजिनें बसलीं, आणि इंजिनांच्या दुरुस्तीपासून व घडणीपासून कोल्हापुरचे ओतकामाचे कारखाने वाढीस लागले. तेलाच्या इंजिनाच्या पंचपात्रांत पुष्कळदां एक निराळी बाही दाबून बसविलेली असते. मिस्त्री तिला लायनर म्हणतात. ती ज्या जातींत पाण्याला प्रत्यक्ष लागत नाहीं, तेथें आंतली सारी उष्णता बाही व बाहेरील बीड ह्यांच्या सांध्यांतून जावी लागते. बसवितांना त्या सांध्यांत तेलकट मळ किंवा गंजाचा खपला राहिला, तर नेमका तेवढाच भाग जास्त तापतो, आणि दट्ट्या धरतो. मोसमाच्या ऐन भरांत इंजिन धरलें म्हणजे उसाच्या फडाचें काय होतें, हें शेतकऱ्यास विचारावें.

ओतकामांत हाच सांधा दुसऱ्या रूपानें भेटतो. ओतलेल्या तुकड्याचा एखादा जाड भाग लवकर निवावा म्हणून सांच्याच्या वाळूंत लोखंडाचा ठोकळा बसवितात. रस ओतला त्या क्षणीं तो ठोकळ्यास घट्ट भिडतो आणि उष्णता झपाट्यानें जाते. मग बाहेरचें कवच थिजतें, आकसतें, आणि ठोकळ्यापासून किंचित् सुटतें. त्या केसाएवढ्या फटीनें निवण्याचा वेग एकाएकीं मंदावतो. ॲल्युमिनियमच्या ओतकामांत हा प्रकार विशेष जाणवतो. बिडांत थिजतांना ग्राफाइट सुटून तें किंचित् फुगत असल्यानें फट तितकी पडत नाहीं. ॲल्युमिनियमचें नांव निघालें म्हणून सांगतों, राधानगरी तालुक्यांत दुर्गमानवाडीच्या सड्यावर बॉक्साइटच्या खाणी आहेत, आणि तेथील खनिज बेळगांवच्या कारखान्यांत जातें. ज्या धातूच्या पट्ट्या आज जगभर यंत्रांतली उष्णता बाहेर टाकण्यासाठीं वापरतात, तिचें मूळ द्रव्य ह्या तांबड्या सड्यांत आहे. तीच धातु विजेच्या तारांत वापरली असतां तिच्यावर तत्काळ बसणारा गंजाचा पातळ थर आणि ढिला पडलेला पेंच मिळून शेतावरील पंपाच्या पेटींतला सांधा तापवितात. तो तापला कीं आणखी ढिला होतो, आणि ढिला झाला कीं आणखी तापतो.

ह्या विषयावर बोलतांना दोन प्रकारचे लोक भेटतात. पहिले म्हणतात, हें सर्व आमच्या कारागिरांस पूर्वींच अवगत होतें. दुसरे म्हणतात, गुळव्या आणि मिस्त्री हे अंदाजपंचें चालणारे लोक, त्यांना शास्त्र काय ठाऊक! आम्हांस दोघांचेंहि म्हणणें मान्य नाहीं. गुळव्याचें ज्ञान खरें आहे, आणि तें कडक कसोटीला उतरलेलें आहे. कारण चुकलें तर आधण वायां जातें. रस पातळ असतो तोंवर उकळीच त्याला हलवीत असते. तो आटून एकशें पंधरा अंशांच्या पुढें गेला म्हणजे दाट होतो, बुडालगतचा थर जागचा हलत नाहीं, आणि तेथेंच करपूं लागतो. अशा वेळीं गुळव्या जाळ ओढावयास सांगतो आणि काहिलींत हात चालवीत राहतो. पेक्लेनें पॅरिसमध्यें पाणी हलवून जें केलें, तेंच हें. परंतु ह्या ज्ञानाची एक मर्यादा आहे. तें काहिलीपाशीं जन्मलें आणि काहिलीपाशींच राहिलें. गुळव्याला लायनरचा सांधा ओळखतां येत नाहीं, मिस्त्रीला काहिलीची काजळी दिसत नाहीं, आणि दोघांची अडचण एकच आहे हें त्यांना कोणी सांगितलेलें नाहीं. मापन हातीं आलें म्हणजे एका जागचें ज्ञान दुसऱ्या जागीं नेतां येतें. शास्त्राचा कारागिरापेक्षां अधिकार असलाच तर तो एवढाच आहे, आणि तो लहान नाहीं.

गुऱ्हाळांना हें ज्ञान आज पूर्वींपेक्षां जास्त हवें आहे. खोऱ्यांत परिते येथें भोगावतीचा साखर कारखाना उभा आहे. तेथील बंद पात्रांत एका पात्राची वाफ दुसऱ्यास तापविते. ही युक्ति न्यू ऑर्लिन्सच्या नॉर्बर्ट रिलिए ह्यानें १८४३ सालीं शोधून पेटंट घेतली. तो एका कृष्णवर्णीय मातेचा पुत्र असून शिक्षणासाठीं पॅरिसला गेला होता. उघड्या काहिलीला सरपणाच्या काटकसरींत ह्या पात्रांची बरोबरी करणें अवघड आहे. तथापि त्या पात्रांच्या नळ्यांनाहि आंतून कीट धरतें, आणि तें काढावयास कारखाना ठराविक मुदतीनें थांबवावा लागतो. सांध्याची जकात तेथेंहि चुकलेली नाहीं. गुऱ्हाळाचा मालक मात्र चुलवाणाची डागडुजी करतांना भिंत, धुरांडें आणि जाळी ह्यांवर पैसा घालतो, आणि बुडाची काजळी तशीच राहते. कारण भिंत दिसते. काजळी आधणावर आधण चढत असतां पाहावयास मिळत नाहीं. एक काहील उतरते न उतरते तोंच तींत नवा रस पडतो, कारण खालीं जाळ चालूच असतो आणि कोरडें लोखंड जळून जाईल.

तयार गूळ वाफ्यांत ओतून घोटतात, आणि निवूं लागल्यावर कापड घातलेल्या बादलींत भरतात. तेथें सगळा प्रकार उलट होतो. आतां उष्णता बाहेर जावयास हवी असते, आणि ती अडविणारे तेच: कापडाच्या धाग्यांतील हवा, आणि गूळ निवतांना आकसून बादलीपासून सुटल्यानें पडलेली फट. म्हणून ढेपेची बाहेरची कड हाताला थंड लागते तेव्हांहि तिचा गाभा बराच वेळ ऊन असतो.